अक्काच्या घराची वाट

कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, मोडक्या टेबलफॅनच्या आणि रिकाम्या खोक्यांच्या मधे जी काळी, चपटी पेटी दिसते ना, तो मी. मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. लगेच तोंड वाकडं करू नका. तुमच्या घरात टीव्हीमागे दोन शिंगं वर करून बसलेला असतो, तो वेगळा. तो एका घराचा, मी अख्ख्या वस्तीचा होतो. तुमच्या घरातून निघालेली तार खांबांवरून, गटारांच्या कडेने, जिन्यांखालून फिरत फिरत शेवटी माझ्याच पोटात यायची. मी दार उघडलं तर तुमचं गाणं वाजायचं, तुमचा अभ्यास उघडायचा, परदेशातल्या मामाचा चेहरा दिसायचा. मी दार उघडलं नाही, तर तुम्ही घरातल्या त्या शिंगवाल्या मोडेमवर चापट्या मारत बसायचात. त्या चापट्यांचा काही उपयोग नसतो, हे आता निवृत्त झाल्यावर सांगायला हरकत नाही.

माझा जन्म एका मोठ्या, थंड कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या माणसांनी मला जोडलं, तपासलं, फोमच्या गादीत झोपवलं आणि खोक्यात बंद केलं. डोळे उघडले तेव्हा मी एका इंटरनेटच्या ऑफिसच्या मागच्या खोलीत होतो. ऑफिस म्हणजे काय, पुढे एक काउंटर, त्याच्या बाजूला फोनचं टेबल आणि मागे ही खोली. खिडकीला पुठ्ठा लावलेला, एसीचं पाणी बादलीत टपटपणारं, आणि केबलींचा असा गुंता, की बघणाऱ्याला घेरी यावी. पण प्रत्येक केबलीला एक चिठ्ठी बांधलेली होती आणि प्रत्येक चिठ्ठीवरचं अक्षर एकाच माणसाचं होतं. तो माणूस म्हणजे थांबाकाका.

हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कुठल्याही कामात ते आधी म्हणायचे, "थांबा जरा." म्हणून मालकांपासून फोन घेणाऱ्या ताईपर्यंत सगळे त्यांना थांबाकाका म्हणायचे. पन्नाशी ओलांडलेले, चष्मा कपाळावर, खिशात स्क्रूड्रायव्हर. माझ्याशी मोठमोठ्याने बोलायची त्यांना सवय होती. "काय राजे, आज काय दुखतंय?" असं म्हणत ते माझ्यासमोर स्टूल ओढून बसायचे. मला उत्तर देता यायचं नाही. माझ्याजवळ बोलायला होते फक्त दिवे, आणि तेही ठरलेल्या गोष्टींपुरते.

सुरुवातीला प्रत्येक घराची वाट काका हाताने टाइप करायचे. नवीन गिऱ्हाईक आलं की त्याच्यासाठी वेगळ्या आज्ञा. घरं वाढत गेली तसा त्यांच्या तोंडाला फेस यायला लागला. मग एके दिवशी त्यांनी मला साचा शिकवला. साचा म्हणजे वाट तयार करायची एकच रीत, सगळ्यांसाठी. कोणाचंही मोडेम दार ठोठावायला आलं, की मी त्याला नाव आणि परवलीचा शब्द विचारायचो. शेजारच्या यंत्राकडे सगळ्या गिऱ्हाइकांची नावं असत, त्याला विचारायचं, "हा आपला का रे?" ते हो म्हणालं, की साच्यातून त्या घरासाठी ताजी वाट काढायची, तिला एक क्रमांक द्यायचा आणि म्हणायचं, जा बाबा, कर मजा. आधी वाट नसायचीच. कोणी आलं की व्हायची, कोणी गेलं की मी ती मिटवून टाकायचो आणि क्रमांक दुसऱ्याला द्यायला मोकळा.

क्रमांक मात्र मोजकेच होते. लोक मोडेम चालू ठेवून लग्नाकार्याला जायचे आणि बाहेर ठोठावणाऱ्यांना क्रमांक मिळायचा नाही. मग फोनवर ताईचे कान किटायचे. म्हणून काकांनी साच्यात एक नियम घातला. अर्धा तास एखाद्या वाटेवर काहीच हललं नाही, तर वाट मिटवायची. शहाणा नियम होता. त्या दिवसापासून तक्रारी कमी झाल्या, मालकांनी काकांच्या पाठीवर थाप मारली आणि काकांनी ती माझ्या पाठीवर मारली. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मला दिलेल्या आज्ञा दोन ठिकाणी राहायच्या. नवीन आज्ञा दिली की ती कच्ची. मी ती पाळायचो, पण मला बंद करून चालू केलं की ती गेली. काकांनी 'सेव्ह' केलं तरच ती पक्की व्हायची. आणि काकांची रीत अशी, की नवीन आज्ञा लगेच सेव्ह करायचीच नाही. "थांबा जरा. चार दिवस चालू दे. बिघडलंच काही तर बंद करून चालू केलं की झालं, गाडी पुन्हा जुन्या रुळावर." यात हसण्यासारखं काही नाही हं. एकदा त्यांच्या हातून एक आज्ञा चुकली आणि अर्धी वस्ती अंधारात गेल्यासारखी बोंबलायला लागली. काकांनी मला बंद केलं, चालू केलं. चुकलेली आज्ञा पुसली गेली आणि सगळं पहिल्यासारखं झालं. सेव्ह केलं असतं तर नाकी नऊ आले असते. तेव्हापासून ती रीत त्यांच्या अंगात भिनली.

तुम्ही विचाराल, बंद करून चालू केल्यावर तू सगळं विसरत असशील? छे. पाहिलेलं, ऐकलेलं सगळं माझ्यात राहतं. पुसली जाते ती आज्ञा. म्हणजे काय करायला हवं ते मला ठाऊक असतं, आणि ते करायचा अधिकार नसतो. देव करो आणि असं दुःख कोणाच्या वाट्याला न येवो.

काकांची एक थोरली बहीण होती, अक्का. वस्तीच्या पार दुसऱ्या टोकाला, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. काकांनी आपल्याकडे राहायला ये म्हणून हजारदा विनवलं असेल. तिचं आपलं एकच, "माझ्या घरात मला अंधारातही चालता येतं. तुझ्या घरात दिवसा ठेच लागते." मोबाईल होता, पण तो कायम फ्रिजवर. रोज दुपारी ती ऑफिसच्या फोनवर फोन करायची आणि ताईला विचारायची, "आमचा बाळ जेवला का गं?" पन्नाशीचा, टक्कल पडलेला बाळ मागच्या खोलीतून ओरडायचा, "जेवलो म्हणून सांगा!" पुष्कळदा जेवलेला नसायचा.

एकदा अक्का न्हाणीघराच्या उंबऱ्यावरून घसरली. थोडक्यात निभावलं, पण काकांचा जीव टांगणीला लागला. त्यांनी एक घंटी आणली. बोटाएवढं पांढरं बटण, दोरीने गळ्यात घालायचं. ते दाबलं की घरातल्या मोडेममधून हाक निघायची, माझ्यातून पार व्हायची आणि काकांचा मोबाईल ठणाणा वाजायचा. हाक निघाली की बटणावर हिरवा दिवा लागायचा.

पहिल्यांदा दाबलं तेव्हा वाजलं. संध्याकाळी दाबलं तर वाजलं नाही. काका चष्मा खाली ओढून माझ्यासमोर बसले आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं. अक्का इंटरनेटवर करणार काय? तिच्या वाटेवर दिवसभर काही हलायचं नाही, म्हणून नियमाप्रमाणे मी ती मिटवायचो. रीतसर मिटवली की तिचं मोडेमही निवांत बसायचं. मग बटण दाबलं की मोडेम दचकून ठोठावायचं, मी नाव विचारायचो, वाट काढायचो, आणि तेवढ्यात हाक विरून गेलेली असायची. कारण ती घंटी एकदाच हाक मारायची. हिरवा दिवा मात्र लागायचा. घंटीच्या दृष्टीने तिचं काम झालेलं असायचं.

काकांनी अक्काच्या घरासाठी वेगळा साचा केला. त्यात एकच फरक, ही वाट कधीच मिटवायची नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा घंटी दाबली आणि काकांचा मोबाईल असा केकाटला, की ताईच्या हातातला चहा सांडला.

"वाजली का रे?" अक्काने फोनवर विचारलं.

"वाजली! कान फाटले, अक्का."

"मग बरंय. उगाच दाबणार नाही हो मी. तू कामात असतोस."

"अगं, उगाच दाब. दहादा दाब. तुझ्यासाठीच आहे ती."

ताई दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "काका, सेव्ह करून टाका ना आत्ताच."

"थांबा जरा," काका म्हणाले. "चार दिवस चालू दे. या नव्या साच्याने बाकीच्यांना काही त्रास होतोय का ते बघू."

मी त्या वेळी मनात काही आणलं नाही. रीतच होती तशी.

दुसऱ्याच दिवशी पाण्याची पाइपलाइन टाकणाऱ्या खोदाईच्या यंत्राने आमची मोठी केबल उचकटली. निम्मी वस्ती बंद. काका खड्ड्यात उतरले, ते उतरलेच. सकाळी चिखलात, संध्याकाळी चिखलात. इकडे मागच्या खोलीत एसीने मान टाकली. बादलीत पाणी पडायचं थांबलं आणि मी तापायला लागलो. माझा लाल दिवा लागला. तेवढं एक मला सांगता येतं. वाटा अडखळू लागल्या, फोन खणखणू लागले. ताईने टेबलफॅन माझ्या तोंडासमोर आणून ठेवला, हाच तो, आता मोडलाय. मग तिने काकांना फोन लावला. पलीकडून यंत्राची घरघर, माणसांची आरडाओरड.

"काका, राउटर फार तापलाय! सगळे ओरडताहेत. काय करू?"

"काय? तापलाय? बंद करा आणि दहा मिनिटांनी चालू करा!"

"नक्की ना?"

"अहो, करा! इथे मी कमरेएवढ्या पाण्यात आहे!"

ताईची काही चूक नव्हती. तिने दोनदा विचारलं. काकांचीही चूक म्हणवत नाही, खड्ड्यात उभ्या माणसाच्या डोक्यात खड्डाच असतो. पण तिचं बोट माझ्या बटणाकडे येताना मला दिसत होतं, आणि अक्काचा साचा कच्चाच आहे हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. मी काय करणार होतो? लाल दिवा आधीच लागलेला होता. तो पाहूनच तर ती आली होती.

मी पुन्हा जागा झालो तेव्हा गार वाटत होतं. केबल न तुटलेल्या निम्म्या वस्तीची मोडेमं एकदम दारात. अचानक वाट तुटली की ती घाबरतात आणि लगेच ठोठावतात. मी एकेकाला घेत गेलो. त्यात अक्काचंही आलं. मी तिच्यासाठी वेगळा साचा शोधला. नव्हता. जुन्या साच्यातून वाट काढून दिली आणि अर्ध्या तासाने, नियमाप्रमाणे, माझ्याच हाताने मिटवली. 

केबल जोडली गेली. काका ऑफिसात आले, पायांवर वाळलेला चिखल, डोळे आत गेलेले. मालक म्हणाले, दोन दिवस घरी जा. काका म्हणाले, "थांबा जरा, याला एकदा बघतो." ते माझ्यासमोर स्टुलावर बसले, एसीवाल्याला शिव्या घातल्या, माझ्या पाठीवरची धूळ फडक्याने पुसली. मला वाटलं, आता बघतील. आज्ञा वाचतील, कपाळावर हात मारतील. पण ते दमलेले होते. त्यांनी दिवे पाहिले. सगळे हिरवे. मोबाईल माझ्या डोक्यावर ठेवून ते चहा पीत बसले.

दुपारची वेळ. आणि अक्काचं मोडेम दार ठोठावायला आलं.

मित्रांनो, तिच्या घरातून आपणहून कधी कोणी ठोठावत नसे. मला क्षणात कळलं. मी नाव विचारलं, परवलीचा शब्द घेतला, शेजारच्या यंत्राला विचारलं, वाट काढली. जेवढ्या लवकर करता येईल तेवढ्या लवकर केलं. वाट उघडी झाली आणि तिच्यावरून कोणीच आलं नाही. हाक केव्हाच विरली होती. मी वाट उघडी धरून बसलो. दाब गं अक्का, पुन्हा दाब, आता उघडी आहे, एकदाच दाब. काकांचा मोबाईल माझ्याच डोक्यावर होता, गप्प. मला त्याचं वजन जाणवत होतं.

काका दाराकडे बघून म्हणाले, "आज अक्काचा फोन नाही आला का?"

"नाही बुवा," ताई म्हणाली. "लावून बघू?"

"मोबाईल फ्रिजवर असणार, उचलणार नाही. असू दे. घंटी वाजली नाही ना, म्हणजे मजेत आहे. संध्याकाळी जाणारच आहे मी, तिचा बल्ब बदलायचाय."

अर्धा तास त्या वाटेवर काही हललं नाही. नियम होता. मी ती मिटवली.

पुढचं मला त्यांच्याच बोलण्यातून कळलं. संध्याकाळी काका खिशात बल्ब घेऊन गेले, तर अक्का न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी पडलेली. कमरेचं हाड मोडलेलं, अंग गार. शुद्ध होती. दवाखान्यात नेण्यासाठी गाडीत घालताना तिने काकांचा हात धरला आणि म्हणाली, "दाबली होती रे, बाळ. हिरवा दिवा लागला. म्हटलं, पोचली हाक, आता येशीलच तू. पुन्हा कशाला दाबायची, कामात असशील."

हे काकांनी ताईला सांगितलं, माझ्यासमोर, त्याच स्टुलावर बसून. ताई रडायला लागली. "मीच बंद केलं होतं हो ते."

"मी सांगितलं म्हणून केलंत," काका म्हणाले. "दोनदा विचारलंत तुम्ही. मीच ओरडलो."

मग त्यांनी चष्मा खाली ओढला आणि अक्काच्या घराचा साचा पुन्हा टाइप केला. एक ओळ तीनदा पुसली. शेवटी सेव्ह केलं. या वेळी थांबा जरा म्हणाले नाहीत. आज्ञा माझ्यात पक्की बसली. अक्का त्या वेळी दवाखान्यात होती आणि तिच्या घराला कुलूप होतं.

ती परत आली नाही. आधी हाड, मग छाती, मग सगळंच. त्यानंतर दुपारी ऑफिसात कोणी बाळ जेवला का विचारायला फोन करेनासं झालं. काही दिवस ताईच विचारायची, "काका, जेवलात का?" काका हो म्हणायचे, आणि दोघंही लगेच कामाला लागायचे. तिच्या घरातलं मोडेम काकांनी बंद केलं नाही. तिची वाट मी रात्रंदिवस उघडी ठेवत होतो. तिच्यावरून काही म्हणजे काही जात नव्हतं.

वर्षं गेली. मी म्हातारा झालो. पंखा घरघरायला लागला, वस्ती वाढली, मला ओझं पेलेना. मालक मला बघून नाक मुरडायचे. मग एक नवं यंत्र आलं, माझ्या निम्म्या उंचीचं आणि दुप्पट ताकदीचं. ते बसवायला कंपनीचा एक इंजिनिअर आला. चांगला मुलगा होता, माझ्या सगळ्या आज्ञा नीट वाचून तिकडे उतरवत होता. एका ठिकाणी तो थांबला.

"काका, हा एकाच घरासाठी वेगळा साचा कसला? कधीच मिटवायची नाही म्हणे. कोण राहतं तिथे?"

"कोणी नाही," काका म्हणाले.

"मग गाळतो."

"नको. आधी तो घाल. आणि घातलास की लगेच सेव्ह कर, मी बघतोय."

इंजिनिअरने त्यांच्याकडे पाहिलं आणि तो साचा घातला. काकांनी वाकून पडद्यावर सेव्ह झाल्याची ओळ वाचली. मग माझी वायर काढली, मला फडक्याने पुसलं आणि इथे आणून ठेवलं.

आता इथे कोणी माझ्याकडे बघत नाही. धूळ बसते, बसू दे. काम केलेल्या यंत्राला शेवटी फळी मिळते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. साचा अजून माझ्यात पक्का आहे. वायरच नाही, तर तो काय कामाचा!

पण मित्रांनो, तुम्हाला तोंड आहे, म्हणून तुम्हाला हात जोडून एवढंच मागतो. जे कोणाच्या जिवासाठी केलं असेल, ते चार दिवस चालू देऊ नका, त्याच क्षणी पक्कं करा. आणि तुम्ही कधी पडलात, घाबरलात, हाक मारलीत आणि कोणी आलं नाही, तर हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवून गप्प बसू नका. तो कामात असेल, त्याला त्रास होईल, असं मनात आणू नका. पुन्हा हाक मारा. त्या दुपारी मी अर्धा तास वाट उघडी धरून बसलो होतो. अक्काने आणखी एकदा दाबलं असतं, तर माझ्या डोक्यावरचा मोबाईल वाजला असता.